उसन्या पावलांचा नेम

मी पावलं मोजणारी डबी बोलतेय. काडेपेटीएवढा माझा जीव. पाठीला एक चिमटा, पोटावर काचेची खिडकी आणि खिडकीत पाच आकडे. कमरेला लावून माणूस चालला की माझ्या आत टिक होतं आणि आकडा एकाने पुढे सरकतो. याहून जास्त मला काही येत नाही. पण माझी गोष्ट माझ्यापासून सुरू होत नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी एका बाईने एक नवस केला होता, तिथून ती सुरू होते.

तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आठ दिवस ताप उतरत नव्हता. औषधं झाली, पट्ट्या झाल्या, डोळ्याला डोळा नाही. आठव्या दिवशी भांडी घासता घासता ती नळाशीच थांबली, ओले हात जोडले आणि म्हणाली, "देवा, हिला उठव. मी जन्मभर गोड खाणार नाही." नवव्या दिवशी मुलीने डोळे उघडले आणि दूध मागितलं.

त्या दिवसापासून माझ्या बाईच्या जिभेला साखर लागली नाही. चहासुद्धा कडू. वर्षं लोटली, मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी हिचा नेम चालूच. लोक हसायचे, ही हसण्यावारी न्यायची. तिला एक गोष्ट मनोमन पटली होती, की आपण सोसलं की आपल्या माणसाला फळ मिळतं. हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं, त्याचं मूळ या भाबड्या विश्वासात आहे.

आता माझा जन्म. एका लांबलचक टेबलावर माझ्यासारख्या शेकडो डब्या रांगेने पडलेल्या. टेबलाशी बसलेली मुलगी एकेक डबी उचलायची, शंभर वेळा हलवायची आणि खिडकीत शंभरचा आकडा आला की 'पास' म्हणून खोक्यात टाकायची. म्हणजे माझ्या आयुष्यातली पहिली शंभर पावलं कोणी चाललंच नव्हतं. मी मोजली मात्र इमानदारीने. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की माझी इमानदारी किती स्वस्तातली आहे.

खोक्यातून दुकानात आणि दुकानातून टपालाने मी एका शिंप्याच्या घरी आले. खाली दुकान, वर दोन खोल्या. शिंप्याला सगळी गल्ली 'मास्तर' म्हणायची आणि म्हणून त्यांची बायको, तीच माझी नवसवाली बाई, ती 'मास्तरीणबाई'. नवा माणूस तिला विचारायचा, "कुठल्या शाळेत शिकवता?" ती म्हणायची, "घरच्याच. एकच विद्यार्थी आहे, तोही नापास."

मास्तर हात चांगला असलेले कारागीर. चाळीस वर्षं त्यांनी पायाने चालवायचं एकच मशीन चालवलं. कापडावर नुसती नजर फिरवून माप सांगायचे. एकच खोड होती. कोणी कपडे कधी मिळतील विचारलं की डोकं वर न करता म्हणायचे, "मंगळवारी या." मंगळवारी माणूस आला की म्हणायचे, "फक्त काज-बटण राहिलंय, शुक्रवारी या." गल्लीत म्हण पडली होती, की मास्तरांचा मंगळवार सात दिवसांनी येत नाही.

मी त्यांच्या घरी येण्याचं कारण चांगलं नव्हतं. बटण लावता लावता एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. ते म्हणाले गॅस झाला, तिने ऐकलं नाही, रिक्षात घालून नेलं. डॉक्टरीणबाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. त्यांचे पांढरे कोट मास्तरच शिवायचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मास्तर, झटका लहान होता, नशीब समजा. पुढचा लहान असेलच असं नाही. गोळ्या देते, पण गोळ्या अर्धंच काम करतात. उरलेलं अर्धं तुमच्या पायांनी करायचं. रोज चाळीस मिनिटं चालायचं. थोडं थोडं वाढवा, पण रोज."

मुलीला कळलं तशी तिने मला पाठवली. फोनवर म्हणाली, "बाबा, रोज आठ हजार पावलं. डबी खोटं बोलत नाही हं!"

"थोडं थोडं वाढवा" हे शब्द डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातच राहिले. घरी आला तो आठ हजारांचा आकडा. मास्तरिणीने त्याला आपली जोड दिली. देवासमोर मास्तरांना उभं केलं आणि संकल्प सोडला, शंभर दिवस, एकही खाडा नाही. मास्तरांच्या एका हातात कात्री होती, म्हणून त्यांनी एकाच हाताने नमस्कार केला.

"दोन्ही हात जोडा," ती म्हणाली.

"अगं, देवाला कळतं मी कामात आहे ते."

"आणि मध्येच मोडला तर?"

"मोडतोय कशाला? मी काय लेचापेचा आहे?"

ती हळूच म्हणाली, "मोडलेला नेम उलटतो, एवढं लक्षात ठेवा." त्या वाक्याची भीती मास्तरांना वाटली नाही. ती तिलाच वाटत राहिली.

पहिले दिवस काय वर्णावे! मास्तरांनी नवे बूट घेतले. चालताना घालायचा सदरा स्वतः शिवला, त्याला माझ्यासाठी वेगळा खिसा ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला मला काढून दाखवायचे. माणसांची ही एक तऱ्हा मी पाहिली, की काम सुरू होण्याआधीच ती त्याचं कौतुक करून घेतात, आणि पोट कौतुकानेच भरतं. पण मी मास्तरांवर अन्याय करणार नाही. ते खरंच चालले. पहिल्या दिवशी आठ हजार एकशे बारा. घरी आले ते भिंत धरून, पिंडऱ्यांना गोळे आलेले. मास्तरिणीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहिला आणि त्यांच्या पायांना तेल लावलं.

त्यांना सोबतही होती. शेजारचे निवृत्त पोस्टमन, ज्यांच्या पायांना तीस वर्षांची सवय. ते खालून हाक मारायचे, "मास्तर, तार आली! लवकर खाली या!" आणि मास्तर कुरकुरत का होईना, उतरायचे. मास्तरांना वाटायचं आपण जिद्दीने चालतोय. मला कमरेवरून वेगळं दिसत होतं. त्यांना जिद्द चालवत नव्हती, ती खालची हाक चालवत होती.

एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी पोस्टमन आपल्या लेकाकडे कायमचे राहायला गेले. सकाळी हाक आली नाही.

"आज जरा शिंका येताहेत," मास्तर पांघरुणातून म्हणाले.

"एकही शिंक ऐकली नाही मी."

"येणार आहेत. मला कळतं. शिवाय शाळेचे गणवेश डोक्यावर आहेत. असं करू, सोमवारपासून पुन्हा जोरात."

ऐकलंत? जन्मभर गिऱ्हाइकांना 'मंगळवारी या' सांगणाऱ्या माणसाने आता आपल्या काळजालाही तारीख दिली.

ती रडवेली झाली. "अहो, नेम मोडेल. आज विसावा दिवस आहे."

"बरं बाई, नाही मोडत. दे ती डबी, काम उरकून चालून येतो."

त्यांनी मला घेतलं, खाली नेलं आणि कमरेऐवजी विजारीच्या तळाशी, घोट्याजवळ अडकवलं. मग मशीनवर बसले. पाय सुरू झाले, वर-खाली, वर-खाली. मी आपली मोजत सुटले. टिक, टिक, टिक. मला वाटलं, मास्तर आज धावताहेत! मशीनखालच्या काळोखात दिसत काही नव्हतं, नुसता धक्का कळत होता.

चारच्या सुमाराला ती चहा घेऊन खाली आली. वाकून मला पाहिलं.

"एकतीस हजार? अहो, सकाळपासून कुठवर जाऊन आलात? समुद्रापर्यंत?"

"अकरा चड्ड्या शिवल्या," मास्तर हसू दाबत म्हणाले. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या पाय चालले पाहिजेत. उभ्याने की बसून, ते कुठे म्हणाल्या?"

दुकानातलं गिऱ्हाईक खो खो हसलं. मास्तर हसले. ती हसली नाही. तिने चहाचा कप ठेवला, मला घोट्यावरून काढलं आणि बटण दाबून शून्य केलं.

"देवाला शिवणकाम कळत नाही असं वाटतं तुम्हाला?" एवढंच म्हणाली.

ऊन कलत होतं. दिवस संपला की नेम मोडणार, आणि मोडलेला नेम उलटणार. कोणावर, ते बोलून दाखवायचीही तिची छाती नव्हती. मास्तरांची तर उठायची लक्षणं नव्हती. तिने मला आपल्या कमरेला लावलं आणि पायातल्या घरच्या स्लिपरांनीच ती रस्त्याला लागली. बेकरीवरून, शाळेच्या कुंपणाला धरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत. असे चार फेरे. आठ हजार पुरे झाले तेव्हा दिवे लागले होते आणि तिच्या अंगठ्याची कातडी निघाली होती. कॅलेंडरवर तिने आकडा लिहिला. मास्तरांच्या चौकोनात.

मुलीसाठी तिने साखर सोडली होती, नवऱ्यासाठी ती चालली. तिच्या हिशेबात फरक नव्हता. देवाला फसवायचं नाही म्हणून त्या दिवशी तिने डॉक्टरला फसवायला सुरुवात केली, आणि त्या साध्या मनाला याचा पत्ताही नव्हता.

"एक दिवसापुरतं हं," ती झोपताना म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कूस बदलून म्हणाले, "आज अंग दुखतंय. आणि तू कालपासून चालतेच आहेस, तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तिनेच ते पुरं केलं, आपल्या पायांनी.

आठवड्याभरात घराला त्याची सवय लागली. चालायचा नेम मोडायला एक दिवस पुरतो, आणि न चालण्याचा जडायला आठवडाही लागत नाही. एकदा ती घाईत मला न घेताच निघाली, तर मास्तर जिन्यात येऊन ओरडले, "अगं, माझं चालणं इथेच राहिलं बघ!" आणि त्यांनी मला वरून तिच्या ओंजळीत टाकलं. जसा कुणी विसरलेला डबा हातात द्यावा, तसं. तीही हसली. मी त्या दोघांच्या मध्ये हवेत होते, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

चालताना ती माझ्याशी बोलायची. बाकी कोणाशी बोलणार? मुलीच्या तापाची आणि नवसाची गोष्ट मला तिनेच सांगितली. टाकीच्या वळणावर रोज पुटपुटायची, "देवा, ही पावलं त्यांच्या नावावर घे." मी ऐकायची आणि टिक करायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, बाई, पुण्य कोणाच्याही नावावर कर, पण घामाला नाव बदलून घेता येत नाही गं! पण मला आकड्यांपलीकडे वाचा नाही.

आणि फळ येत होतं. ज्या झाडाला पाणी, त्यालाच. महिन्याभरात तिचा जिन्यातला दम गेला. गुडघा कुरकुरायचा थांबला. चाल अशी झाली, की बेकरीवाला म्हणाला, "मास्तरीणबाई, कुठली शर्यत आहे?"

पन्नासाव्या दिवसाच्या आसपास तिने दोन ब्लाउज मास्तरांसमोर ठेवले. "अहो, हे ढगळ होताहेत. टीप घालता का?"

मास्तरांनी टेप घेऊन तिचं माप घेतलं. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं. दोन्ही बाजूंनी खडूची रेघ मारली. दोन इंच आत. खडू हातात तसाच राहिला.

त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या दोन विजारींची कंबर उसवून वाढवली होती. गिऱ्हाइकांना ते नेहमी म्हणायचे, माणूस पोट आत ओढून माप चोरेल, पण कापड खोटं बोलत नाही. त्या दिवशी दोन्ही कापडं त्यांच्याच टेबलावर होती.

"बायकोची तब्येत सुधारली की शिंप्याला आधी कळतं," ते शेवटी म्हणाले, आणि हसले. मी त्या टेबलावरच होते. ते हसणं ओठांपुरतंच होतं.

"मग उद्यापासून तुम्हीही चला की माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आठ हजार राहू द्या. बेकरीपर्यंत."

"बेकरीपर्यंत? कॅलेंडरवर आठ हजार लिहिलेत रोज, आणि लोक मला बेकरीशी धापा टाकताना बघणार? नको. हे शंभर होऊ देत. मग नव्याने सुरू करतो, पहिल्या तारखेपासून."

बघा कसं झालं ते. त्यांची वाट माझ्या आकड्यांनीच अडवली. शून्याची त्यांना लाज नव्हती, ती माझ्या आठ हजारांनी आणली.

साठाव्या दिवशी तपासणी होती. तपासणीच्या दिवशी मला मास्तरांच्या पट्ट्याला लावायचे आणि कॅलेंडरची पानं गुंडाळून न्यायचे. डॉक्टरीणबाईंनी पानं उलगडली आणि चष्मा काढला. "मास्तर, वीस वर्षांत इतका शिस्तीचा माणूस मी पाहिला नाही. एकही खाडा नाही!" मग रक्तदाब घेतला, वजन घेतलं, कपाळाला आठी पडली. "चालणं तर उत्तम आहे. मग हे उतरत का नाही? दुसरं काही असेल." त्यांनी गोळी बदलली. मास्तर जमिनीकडे बघत होते. मास्तरिणीने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं?

त्या दिवशी मुलीचा फोन आला. "बाबा, मी ऑफिसात सगळ्यांना तुमचं उदाहरण देते! तुमच्यामुळे मीसुद्धा चालायला लागले."

फोन ठेवून मास्तर तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "आता सांगायची सोय राहिली नाही गं."

ती म्हणाली, "शंभर पुरे झाले की देव बघेल." तिचा विश्वास होता. विश्वासाला मी नावं ठेवत नाही. विश्वास ठेवायची जागा चुकली.

शंभरावा दिवस उजाडला. ती पहाटेच आठ हजार चालून आली, अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. चेहरा असा उजळला होता, की मला माझीच लाज वाटली. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला. मला त्यांच्या पट्ट्याला लावताना तिने शून्य केलं. "आता नवा दिवस," म्हणाली.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टपाशी गेले तर दार उघडं, आत मिस्त्री फरशीवर बसलेला, तारा बाहेर काढलेल्या. "अर्धा तास लागेल," तो म्हणाला. दोघं बाकावर बसली. काही घाई नव्हती. अर्धा तास, फक्त अर्धा तास बसायचं होतं.

इतक्यात डॉक्टरीणबाईच बाहेरून आल्या. "अरे वा, मास्तर! बसलात काय? रोज आठ हजार चालणाऱ्या माणसाला दोन मजले म्हणजे काय? आज शंभरावा ना तुमचा? चला माझ्याबरोबर!"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने मास्तरांकडे. तिचे ओठ उघडले. मी शपथेवर सांगते, ते उघडले होते. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. ते चालत नाहीत, डॉक्टर. मास्तरांनी मान किंचित हलवली, नको. आणि तिचे ओठ मिटले.

"चला," मास्तर उठत म्हणाले. "त्यात काय!"

पहिल्या दहा पायऱ्यांना ते डॉक्टरीणबाईंशी नव्या कोटाबद्दल बोलत होते. मग बोलणं थांबलं. विसाव्या पायरीला पहिला मजला आला. "थांबू या का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "छे," ते म्हणाले. पंचविसाव्या पायरीला त्यांनी कठडा धरला. मी कमरेवर होते, आतला धडधडाट मला पट्ट्यातून लागत होता. एकतीस. बत्तीस. चौतिसाव्याला पाय उचलला, पण टेकला तो त्याच पायरीवर. मग ते भिंतीला घासत खाली बसले, अगदी सावकाश, मशीनवर बसावं तसे.

चौतीस. ऐंशी दिवसांत त्यांनी आपल्या दमाने चढलेला एवढाच मोठा जिना, आणि त्याची एकेक पायरी मी अचूक मोजली होती.

खालून ती धावत आली. ऐंशी दिवस चाललेले पाय, दोन दोन पायऱ्या घेत आली. धापसुद्धा लागली नाही तिला. आणि ओरडली, "डॉक्टर, ते नाही चालत! मी चालते! ती पावलं माझी आहेत हो!"

डॉक्टरीणबाईंची बोटं मास्तरांच्या मनगटावर होती. त्यांनी एकदाच वर पाहिलं. मग माणसं बोलावली, स्ट्रेचर आलं, सुया, नळ्या, धावपळ.

मास्तर त्या दिवशी गेले नाहीत. पण काळजाचा निम्मा भाग गेला. डॉक्टरीणबाई रागावतील असं तिला वाटत होतं. त्या रागावल्या नाहीत. बाजूला नेऊन म्हणाल्या, "मास्तरीणबाई, शून्य आहे असं सांगितलं असतं, तर मी शून्यावरून वाट काढली असती. खोट्या आठ हजारांवरून वाट निघत नाही हो. आणि मीही आकड्यांवर भुलले. त्यांना जिन्यावर मीच नेलं."

मुलगी आली. तिने स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं आणि आईसमोर धरलं. "यातलं बाबांचं कुठलं?"

आईने बोट ठेवलं. पहिले एकोणीस चौकोन. मुलीने त्या चौकोनांवर हात ठेवला. मग म्हणाली, "मी नुसता फोन करत होते गं. एकदा येऊन त्यांच्याबरोबर चालले असते..."

मास्तर घरी आले ते वरच्या खोलीतल्या पलंगावर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दिवसाला वीस पावलं, खोलीतल्या खोलीत, झेपेल तेवढीच. पहिल्या दिवशी मास्तर स्वतः म्हणाले, "डबी दे माझी." तिने मला त्यांच्या कमरेला लावलं आणि हात धरला. पलंगापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं. परत येताना अकरा. बावीस. पलंगावर टेकून त्यांनी मला डोळ्यांजवळ नेलं आणि तो आकडा कितीतरी वेळ वाचला.

"एवढंच होतं का गं ते?" ते म्हणाले. "एवढ्यासाठी मी पळ काढत होतो?"

तिने डोळे पुसून कॅलेंडरवर बावीसचा आकडा लिहिला.

मग पंचवीस झाले, चाळीस झाले, नव्वद झाले. तिच्याशिवाय खिडकीपर्यंत जाऊ लागले. एका दिवशी दोनशे चौदा झाले आणि मास्तरांनी खिडकीतून खालून जाणाऱ्या बेकरीवाल्याला हाक मारून तो आकडा सांगितला, पूर्वी लोकांना मला दाखवायचे तसं नव्हे, खरंच आनंदाने. हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले आकडे. आठ हजारांच्या रांगा मी विसरले आहे, हे एकेक आठवतात. पण काळजाला दिलेली तारीख टळून गेली होती. सात आठवड्यांनी एका सकाळी चहा निवत राहिला आणि मास्तर उठले नाहीत.

आदल्या दिवशीचा आकडा माझ्या खिडकीत आहे. एकशे शहात्तर. तिने ते बटण अजून दाबलेलं नाही. मी देवाच्या फळीवर दिव्याशेजारी असते. माझी बॅटरी संपत आली आहे. सहाचा आकडा आता पुसट दिसतो. तो पुसला गेला की मास्तरांची शेवटची पावलंही जातील.

ती अजून रोज चालते. मला न घेता. बेकरी, शाळेचं कुंपण, टाकी. टाकीशी आता ती काय पुटपुटते, ते मला कळायचं साधन नाही.

पण परवाची गोष्ट मी ऐकली. गल्लीतली एक तरुण बाई आली होती. तिच्या नवऱ्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. ती म्हणाली, "मावशी, हे काही हलत नाहीत. तुमचा नेम सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं त्यांच्यासाठी मीच चालावं. तुमची ती डबी देता का?"

मी फळीवर थिजले.

मास्तरीण उठली, मला हातात घेतलं, पदराने काच पुसली आणि परत जागच्या जागी ठेवलं. मग त्या तरुण बाईचे दोन्ही हात धरले.

"तू चाल गं पोरी, जरूर चाल. पण ती तुझी पावलं. त्यांच्या नावावर एकही टाकू नकोस. आणि त्यांना आज फक्त दारापासून दिव्याच्या खांबापर्यंत आण. वीस पावलं. हात धरून आण, भांडून आण, पण त्यांच्या पायांनी आण. उद्याही तेवढंच. आणि कधी नाही आले तर डॉक्टरांना सांग, नाही आले. लाजू नकोस. मी लाजले होते."

ती बाई गेल्यावर मास्तरिणीने हात जोडले. तिचा आजवरचा सगळ्यात लहान संकल्प होता तो: "देवा, माझं मी करीन, दुसऱ्याचं खरं सांगेन, आणि त्याच्यासोबत चालेन. त्याच्याऐवजी नाही."

ऐकणाऱ्या माणसा, मी मोजण्यापलीकडे काही न येणारी डबी. माझा शब्द तो काय! पण माझा आकडा पुसला जाण्याआधी तुझ्याकडे एक मागणं मागते. तू पण हाच नेम कर. मोठा नको, उद्याचा नको, पहिल्या तारखेचा तर नकोच नको. आज तुझ्या पायांनी खांबापर्यंत जा आणि परत ये. आणि तुझ्या घरात कोणी पांघरुणात पडून "सोमवारपासून" म्हणत असेल, तर त्याची डबी आपल्या कमरेला लावू नकोस. खाली उभं राहून त्याला हाक मार.